देवी सात वेळा हसली

देवी चौथ्यांदा हसली, तेव्हा देवळामागच्या स्वयंपाकघरात पाओ-चूने हातातला झारा खाली ठेवला. भोपळा घातलेल्या शेवया कढईत अर्ध्याकच्च्या होत्या, दीडशे माणसांचं जेवण व्हायचं होतं, पण देवी अशी हसत सुटल्यावर चुलीपाशी कुणाचं लक्ष लागणार? एकदा हसली तर विचारणाऱ्याचं काही चुकलं म्हणायचं. दोनदा हसली तर आज तिचा मूड बरा आहे म्हणायचं. चार वेळा हसली म्हणजे श्वे घराण्यातलं कुणीतरी काहीतरी लपवतंय, हे पाओ-चूला त्र्याहत्तर वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

पदराच्या जागी बांधलेल्या फडक्याला हात पुसत ती मंडपात आली. तिचा पाठचा भाऊ थिएन-फू मात्सूआईच्या मूर्तीसमोर गुडघे टेकून बसला होता. यंदाच्या धुपाचा मान त्याचा. गेल्या वर्षी ओळीने नऊ होकार पडून तो मान त्याला मिळाला होता आणि त्या दिवसापासून तो गल्लीतून चालतानाही जरा हळू चालायचा. त्याच्या पुढ्यात कौलाची दोन लाल लाकडं पडली होती. एक सपाट आणि एक गोल बाजू वर आली तर होकार. दोन्ही गोल तर नकार. ही दोन्ही सपाट पडली होती. म्हणजे देवीला हसू आवरत नव्हतं.

"काय विचारलंस?" पाओ-चूने विचारलं.

"जे ठरलंय तेच, ताई," थिएन-फू मागे न बघता म्हणाला. "यंदा आईने कुठे जावं."

"मग ती हसते कशाला?"

"ते तिलाच विचार."

"विचारायचा मान तुझा आहे. माझा मान शेवयांचा."

मंडपात खसखस पिकली. बाहेर वारा सुटला होता. पेंगहू बेटांवर तो आठ महिने सुटलेलाच असतो, आणि ल्यूशान गावातली माणसं बोलताना ओरडतात ती त्याच वाऱ्यामुळे, असं आम्ही परक्यांना सांगतो. खरं म्हणजे आम्ही घरातही ओरडतो.

देवीच्या पुढ्यात दोन निमंत्रणं होती. एक लाल मखमली पिशवीतलं, समुद्रापलीकडच्या मूळ देवळाचं. दोनशे वर्षांपूर्वी श्वेंच्या पूर्वजाने त्याच देवळातली धुपाची राख कापडात बांधून होडीतून इकडे आणली होती. ते निमंत्रण आणलं होतं सगळ्यात धाकट्या भावाने, वान-छाइने. त्याचं तिकडे माकुळ मासळी गोठवायचं कोठार होतं आणि तिकडच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या कानात सांगितलं होतं, की देवी माहेरी आली तर स्वागताला बँड, फटाके, तीनशे खोल्यांचं हॉटेल आणि वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो. वान-छाइ नव्या निळ्या सुटात उभा होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर तो फोटो आत्ताच छापून आला होता.

"दादा, जरा मोठ्याने विचार," तो म्हणाला. "तू पुटपुटतोयस."

"देवी बहिरी नाही."

"आम्ही आहोत ना!"

दुसरं निमंत्रण पांढऱ्या लिफाफ्यातलं, त्यावर राजधानीचा शिक्का. ते घेऊन ल्यांग नावाचा एकोणतीस वर्षांचा अधिकारी आला होता. बोटीत त्याला इतकी मळमळ झाली होती की उतरल्यापासून तो खांबाला धरूनच उभा होता. त्याच्या खात्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं: समुद्रापलीकडचे देवदेवतांच्या नावाने एवढी मैत्री जमवतात, मग आपण का नको? आपली मात्सूआई दर्यावर्दींची. तिला आपल्या मित्रदेशात, तालुआ बेटावर, सदिच्छा भेटीला पाठवा. पुढच्या महिन्यात तालुआच्या संसदेत मतदान होतं. मैत्री आमच्या राजधानीशी ठेवायची की समुद्रापलीकडच्या राजधानीशी, यावर; दोन्हींशी एकदम ठेवता येत नाही. जगाच्या नकाशावर तालुआ म्हणजे माशीने बसून उडून जावं एवढा ठिपका, पण आमच्याकडे असे ठिपके आता बोटांवर मोजण्याइतके उरले होते. मत फिरलं तर तिथलं आमचं शेतीचं पथक महिन्याच्या आत गाशा गुंडाळून परत.

फक्त एक गोष्ट त्या डोक्यात आली नव्हती. तालुआचं सगळं बेट, लहान पोरासकट, ख्रिस्ती होतं.

"मॅडम," ल्यांग शेजारी उभ्या असलेल्या हुइ-रूच्या कानाशी लागला, "अहवालात काय लिहू? 'देवी हसली' असं लिहिता येत नाही. आमचे साहेब विचारतील, कशाला?"

"लिहा, वातावरण खेळीमेळीचं होतं," हुइ-रू म्हणाली.

तिलाही हसू येत होतं आणि रडूही. हुइ-रू ही थिएन-फूची एकुलती एक मुलगी. शेतीच्या पथकातून सहा वर्षांपूर्वी तालुआला गेली, ती तिथलीच होऊन राहिली. पहिल्याच महिन्यात तिने गोड्या पाण्याचं यंत्र रविवारी चालू ठेवलं आणि अख्खं गाव प्रार्थना सोडून तिच्या दारात उभं राहिलं, कारण रविवारी तिथे कोंबडीसुद्धा जपून अंडं घालते. पुढच्या आठवड्यापासून तिने शनिवारीच टाक्या भरून ठेवायला सुरुवात केली, रविवारी मागच्या बाकावर बसून गाणी म्हटली, बेसूर म्हटली, आणि तेव्हापासून तिच्या भाजीच्या वाफ्यांना कुणी नाव ठेवलं नाही. त्याच बाकावर तिला एलिया भेटला. एलियाचे वडील डीकन सामिसोनी, चर्चचे वडीलधारे आणि देशाचे मासेमारी मंत्री, आज सरकारी पाहुणे म्हणून तिच्याच उजव्या हाताला उभे होते, मंडपाच्या खांबापेक्षा थोडे रुंद.

एलियाशी लग्न करणार, असं तिने नव्या वर्षाच्या जेवणात सांगितलं, तेव्हा थिएन-फू ताटावरून उठला आणि याच मंडपात येऊन मोठ्याने शपथ घेऊन बसला: "मात्सूआई, मी चर्चचा उंबरा ओलांडणार नाही!" त्या दिवशी तो अजिबात पुटपुटला नव्हता. आणि तालुआची रीत अशी, की नवरीचा हात तिच्या रक्ताच्या माणसाने चर्चच्या उंबऱ्याच्या आत येऊन द्यायचा. हात देणारं कुणी नसलं तर लग्न लागत नाही. देवीसमोर घेतलेली शपथ देवीच मोडू शकते, आणि तीही ज्याने घेतली त्यानेच विचारलं तर. या गोष्टीला चार महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत थिएन-फू मुलीशी फोनवर बोलला नव्हता, आणि आता ती पाहुण्यांबरोबर आल्यावर "मीठ दे" एवढंच बोलला होता, तेही मिठाकडे बघून.

"ते काय म्हणतायत?" डीकननी हळूच विचारलं.

"देवी विचार करते आहे," हुइ-रूने सांगितलं.

डीकननी रुमालाने कपाळ पुसलं. "पोरी, तिला म्हणावं सावकाश कर विचार. मी मूर्ती घेऊन विमानातून उतरलो तर माझी बायकोसुद्धा विरोधात मत देईल. आमच्या संसदेत आणि चर्चच्या बैठकीत फरक एवढाच, की चर्चच्या बैठकीला सगळे वेळेवर येतात. पण यजमान देतोय त्याला नको कसं म्हणू?"

"ते काय म्हणाले?" ल्यांगने आशेने विचारलं.

"म्हणाले, तुमचा पाहुणचार पाहून भारावलो."

थिएन-फूने लाकडं पुन्हा उचलली, कपाळाला लावली, पुटपुटला, टाकली. खट्, खट्. दोन्ही सपाट.

"पाच!" मागून पोरांनी गलका केला.

सहाव्यांदाही तेच. आता समितीतले म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले होते. हसणं ही खोकल्यासारखी गोष्ट आहे, एकाने सुरू केलं की आवरत नाही. सातव्यांदा लाकडं सपाट पडली तेव्हा ढोलवाल्याने उत्साहाच्या भरात ढोल बडवला, वान-छाइ कपाळाला हात लावून खाली बसला, आणि डीकन सामिसोनींना काहीच कळत नसताना असं काही गडगडाटी हसू फुटलं की समईची ज्योत हलली. त्यांना पाहून पाओ-चू हसली. ल्यांग बिचारा खांबाला धरून हसला, मग घाबरून गप्प झाला, मग पुन्हा हसला.

एकटा थिएन-फू हसत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. आणि भावाचे ते लाल कान पाहूनच पाओ-चूच्या मनात पाल चुकचुकली. लहानपणी बापाच्या होडीचं वल्हं मोडून वाळूत पुरलं होतं, तेव्हाही त्याचे कान असेच झाले होते.

ती गुपचूप गेली आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली.

"तू का आलीस?"

"माझ्या सांध्यांसाठी नवस बोलायचाय. तू चालू दे तुझं."

थिएन-फूने डोळे मिटले. आठव्यांदा लाकडं कपाळाला लावली. "मात्सूआई," तो पुटपुटला, "यंदा तू तालुआला जावंस का... आणि तू तिथे गेलीस, की माझी पोर तिथलं सोडून घरी येईल का..."

पाओ-चूने त्याचं मनगट धरलं.

"अरे मेल्या!" ती ओरडली, आणि ल्यूशानच्या वाऱ्यालाही ऐकू गेलं. "एका कौलात दोन प्रश्न कोंबतोय हा! सात वेळा! देशाच्या प्रश्नाच्या पोटात स्वतःच्या घरचा प्रश्न, पोर घरी येईल का म्हणून! बिचारी हसेल नाहीतर काय करेल?"

एका कौलाला एकच प्रश्न, हे आमच्याकडे चालायला लागलेलं पोरही जाणतं. देवीला दोन प्रश्न एकदम विचारणं म्हणजे दोन माणसांनी एकाच बाकावर चढून भांडणं, काय ऐकायचं तेच कळत नाही. आणि धुपाच्या मानकऱ्यानेच ते करावं!

"दादा!" वान-छाइ उठला. त्याला राग येत होता आणि आनंद आवरत नव्हता. "म्हणजे माझं निमंत्रण तू विचारलंसच नाहीस? एकदाही?"

"विचारणार होतो," थिएन-फू म्हणाला. "आधी हे उरकलं की."

"सात वेळा उरकलंस?"

"तिने उत्तर कुठे दिलं?"

"आता नीट विचार," पाओ-चू म्हणाली. "एकेक. मोठ्याने. नाव, जन्मसाल, पत्ता सगळं सांगून. आणि पाठ सरळ कर, देवीसमोर कोळंबीसारखा बसू नकोस."

हुइ-रूने भाषांतर थांबवलं होतं. बापाने विचारलेला प्रश्न तिने ऐकला होता. घरी येईल का. चार महिने ती समजत होती की बाबांना तिचा राग आलाय. रागावलेला माणूस सात वेळा गुडघ्यांवर बसून असं विचारतो का, हे तिला कळेना. तिने डोळे पुसले, तर डीकननी आपला ओला रुमाल पुढे केला.

थिएन-फूने पाठ सरळ केली. "मी श्वे थिएन-फू, ड्रॅगनच्या वर्षी जन्मलेला, राहणार ल्यूशान, देवळामागचं तिसरं घर. आई, यंदा तू समुद्रापलीकडे माहेरी जावंस का?"

दोन्ही गोल. नकार. वान-छाइचा चेहरा पडला.

"पुढच्या वर्षी विचार!" तो ओरडला. "पुढच्या वर्षी!"

"पुढच्या वर्षी जावंस का?"

होकार. पुन्हा होकार. तिसऱ्यांदाही होकार. वान-छाइने असा काही आवाज काढला की कुत्री भुंकली. त्याने आधी पाओ-चूला मिठी मारली, मग ढोलवाल्याला, मग चुकून ल्यांगला, आणि फोन कानाला लावून बाहेर वाऱ्यात पळाला. "येतेय! पुढच्या वर्षी! हो, हो, माहेरपणच ते! खोल्या तीनशेच ठेवा!"

ल्यांगने घड्याळाकडे पाहिलं. "आता... आमचं?"

"आई, यंदा तू तालुआला जावंस का?"

खट्, खट्. दोन्ही गोल.

ल्यांगचा चेहरा पुन्हा बोटीत बसल्यासारखा झाला. आणि त्याच क्षणी डीकन सामिसोनींनी दोन्ही हात वर केले. "हालेलुया!" मात्सूआईच्या मंडपात हा शब्द पहिल्यांदाच घुमला असावा.

सगळे हुइ-रूकडे बघायला लागले.

"ते म्हणतात," हुइ-रू म्हणाली, "देवीच्या निर्णयाचा त्यांना मनापासून आदर आहे."

"ते दिसतंच आहे," पाओ-चू म्हणाली.

पण डीकन एवढ्यावर थांबले नाहीत. ते पुढे आले, थिएन-फूच्या समोर उभे राहिले, आणि बोलायला लागले. हुइ-रू एकेक वाक्य हळू, आमच्या बोलीत सांगत गेली.

"आमच्या बेटावर खारा वारा आहे, तुमच्यासारखाच. भाजी उगवायची आणि जळायची. कितीतरी देशांच्या लोकांनी येऊन वह्यांत लिहून नेलं. मग ही मुलगी आली. समुद्रातले पोवळ्याचे दगड गोळा केले आणि वाफ्यांभोवती भिंती रचल्या, चुन्याशिवाय, सिमेंटशिवाय. वारा भिंतीच्या फटींतून गाळून निघतो, कोबी तसाच राहतो. आम्ही विचारलं, हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, माझे बाबा असं करतात. आता नऊ गावांत त्या भिंती आहेत, आणि त्यांना आम्ही म्हणतो 'बाबांच्या भिंती'." हुइ-रू थांबली. मग म्हणाली, "बाबा, हे मी नाही, तेच म्हणतायत."

थिएन-फू मान खाली घालून लाकडांकडे बघत होता.

"गेल्या वादळात दोन भिंती पडल्या. तिला म्हटलं, पुन्हा रच. ती म्हणाली, सगळ्यात वरचा दगड कसा बसवायचा ते बाबांनाच येतं. ते दगडाला आधी कान लावतात. ती नुसता दगड ठेवते." डीकननी श्वास घेतला. "संसदेत माझे लोक मला विचारतात. समुद्रापलीकडचे सभागृह देतायत, छप्पर देतायत. हे इकडचे काय देतात? मी सांगतो, भिंती. ते म्हणतात, ज्या माणसाची भिंत आपल्या शेतात आहे तो आपल्या घरी एकदाही जेवला नाही, मग ही मैत्री कसली? याला माझ्याकडे उत्तर नाही. मला देवी नको. तुमची आहे, तुमच्याकडे सुखी आहे. मला भिंतवाला द्या."

"हे लिहिता येतं!" ल्यांग ओरडला आणि खिशात पेन शोधायला लागला.

थिएन-फूला वाटलं, आपल्या छातीत कुणीतरी दगड उचलून कान लावून बघतंय. मुलीला सातव्या वर्षी त्याने मागच्या वाफ्यात शिकवलं होतं ते. तिला तेव्हा काही कळत नव्हतं, ती नुसती शेंगदाण्याची वडी खात बसली होती. एवढ्या लांब जाऊन तिने ते सांगावं, आणि नऊ गावांनी त्याला बाबा म्हणावं, आणि तो इकडे मिठाकडे बघून बोलतोय. त्याला लाज वाटली. सरळ लाज वाटली.

त्याने लाकडं उचलली. या वेळी तो इतक्या मोठ्याने बोलला की बाहेरचा वान-छाइ फोन बंद करून आत आला.

"मी श्वे थिएन-फू, ड्रॅगनच्या वर्षी जन्मलेला, देवळामागचं तिसरं घर. आई, तुझ्यासमोर मी शपथ घेतली. रागात घेतली. चर्चचा उंबरा ओलांडणार नाही म्हणालो. ती शपथ मोडू का?"

एक सपाट, एक गोल. होकार.

"एक," पाओ-चू म्हणाली.

पुन्हा होकार. कुणी हसेना आता. शपथ मोडायला ओळीने तीन लागतात.

त्याने तिसऱ्यांदा लाकडं टाकली. एक लाकूड जागेवरच पडलं, गोल बाजू वर. दुसरं फरशीवर आपटलं, उडालं, घरंगळत गेलं, आणि डीकन सामिसोनींच्या चकचकीत काळ्या बुटाला टेकून तिरकं उभं राहिलं. सपाट बाजू वर आली असती तर होकार, गोल आली असती तर नकार. ते पडतच नव्हतं.

"हलू नका!" चार-पाच जण एकदम ओरडले.

डीकन हलणार नव्हतेच. परक्या देवाच्या कौलाला हात लावणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं, आणि पडत्या कौलाला कुणी धक्का द्यायचा नाही ही आमची रीत. दोन धर्मांचं एका गोष्टीवर इतकं एकमत गावाने पुन्हा पाहिलं नाही. एवढा मोठा मंत्री, एक पाऊल जरासं पुढे, श्वास रोखून पुतळ्यासारखा उभा. समितीतले म्हातारे चहूबाजूंनी ओणवे झाले. वान-छाइ नव्या सुटासकट पोटावर पालथा पडला.

"हा कौल धरायचा नाही," एक म्हातारा म्हणाला. "टेकलाय. पुन्हा टाका."

"उभा कौल म्हणजे सगळ्यात शुभ!" दुसरा म्हणाला.

"उभा कुठे, तिरका आहे!"

"मी इंचपट्टी आणू का?" ल्यांगने विचारलं.

"गप्प बसा रे सगळे," पाओ-चू म्हणाली. ती फडक्याला हात पुसत मध्ये आली आणि कमरेवर हात ठेवून त्या बुटाकडे बघितलं. "एवढ्या मोठ्या मंडपात दीडशे माणसं. तीनशे पाय. लाकूड जाऊन टेकलं ते पोरीच्या होणाऱ्या सासऱ्याच्या बुटाला. आता देवीने काय खाली उतरून हाताला धरून न्यावं का तुला?"

हुइ-रू भाषांतर करायला विसरली होती. डीकनच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला, पण त्यांनी तो पुसला नाही.

थिएन-फू उठला. गुडघे कटकन वाजले. तो त्या बुटासमोर येऊन उभा राहिला.

"हुइ-रू," तो म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिला नावाने हाक मारली.

"काय बाबा?"

"तुमच्या त्या चर्चमध्ये बूट घालून जातात की काढून?"

"काढून, बाबा. दाराशी काढतात."

थिएन-फूने आपल्या पायांकडे पाहिलं.

"मग नवे मोजे घ्यायला लागतील," तो म्हणाला. "ह्यांना अंगठ्याशी भोक आहे."